रविवारची थंड भिंत

केळीला हिवाळ्यासाठी निजवायचं तर आधी तिचं मुंडकं उडवावं लागतं. पहिल्या वर्षी एव्हिस हॉयलला ते जमेना. उन्हाळाभर जिच्या पानांवरची काजळी ओल्या फडक्याने पुसली, तिच्यावर कोयता चालवायचा कसा? पण गावच्या बागेतल्या म्हाताऱ्या माळ्याने तिला पहिला कोंब वर्तमानपत्रात गुंडाळून देतानाच बजावलं होतं, की बाई, वार एकच आणि तिरका. दोनदा मारलास तर खोड चिरतं, आडवा सपाट मारलास तर वर पाणी साचतं. एकदा कापायचं ठरलं की दया दाखवायची नाही. दया कुजते.

एव्हिस शिकली. पुढे पुढे तर ऑक्टोबरात पहिल्या दंवाने पानं काळी पडली की ती कोयता पाजळून तयार असायची. उजवं मनगट गिरणीत वीस वर्षं गाठी मारून झिजलेलं, म्हणून डाव्या हातानेही तेवढाच साफ वार करायला तिने स्वतःला लावलं होतं. मग उरलेल्या खुंटाभोवती कोंबड्यांच्या जाळीचा उभा पिंजरा, त्यात कोरडा पेंढा ठासून, वर छपराचं दगडी कौल, कौलावरून पांढऱ्या कापडाचं टोपडं आणि टोपड्याला सुतळी. नोव्हेंबर आला की तिच्या घरामागच्या चढत्या अंगणात अशी पांढऱ्या डोक्यांची माणसं उभी राहायची. शेजारचा वॉल्टर भिंतीवरून विचारायचा, "एव्हिस, पाहुणे चहा घेऊन जाणार, की ईस्टरपर्यंत मुक्काम?" उन्हाळ्यात त्याचा प्रश्न वेगळा असे. माकडं कधी येणार, एवढंच त्याला जाणून घ्यायचं असे. इतकी वर्षं तोच विनोद तो इतक्या निष्ठेने करत होता, की एखाद्या दिवशी तो बोलला नाही तर त्याला बरं नाही असं एव्हिस समजायची.

हॅलिफॅक्सच्या वरच्या अंगाला, जिथे डोंगर खाली उतरून घरांच्या मागच्या दारांशी येऊन उभे राहतात, तिथे केळ लावायचं तिच्या डोक्यात आलं कसं, हे सगळे विचारत. गालिच्यामुळे, असं ती सांगे. गिरणीत हॉटेलांसाठी आणि सिनेमाघरांसाठी गालिचे विणले जात, आणि त्यांवर मोठमोठी फाटकी पानं असत. पान असं कडेपासून शिरेपर्यंत फाटतं का खरंच, की चित्र काढणाऱ्याने उगाच फाडलं, हा प्रश्न तिला वीस वर्षं छळत होता. गिरणी बंद पडली, त्याच वर्षी नवरा रेमंडही गेला, आणि ती पान बघायला मोकळी झाली.

रेमंडची शर्यतीची कबुतरं होती. त्याचा हात कबुतरांवर हलका आणि बायकोवर जड. त्याला पुरून आल्यावर आठवड्याच्या आतच एव्हिसने आणि तिच्या मुलाने, ग्लेनने, मिळून कबुतरखाना फोडला. खाली ढोपरभर जुनी विष्ठा निघाली. तिच्यावर केळी अशा माजल्या, की दुसऱ्याच वर्षी पानं वॉल्टरच्या भिंतीवर टेकली, आणि कर्दळी, सोनटक्के, अळू यांनी वाट बुजवून टाकली. नवऱ्याने दिलेलं काहीतरी अखेर अंगी लागलं, असं एव्हिस म्हणायची. हे ती हसत म्हणायची, आणि ऐकणारा हसावं की नाही या पेचात पडायचा.

अंगणाच्या वरच्या टोकाची भिंत म्हणजे मागच्या गल्लीतल्या मासे-बटाटे तळणाऱ्या दुकानाची पाठ. आत कढया चालू असल्या की भिंत अंगाएवढी ऊन असायची. तिथली केळ सगळ्यांत थोराड, अनेक खोडांची, म्हणून ग्लेनने तिचा पिंजराही पिंपाएवढा रुंद केला होता. तिच्या टोपड्यावर कधी दंव गोठत नसे. फक्त रविवारी दुकान बंद, भिंत गार, आणि त्या लाडक्या केळीलाही बाकीच्यांसारखं पांढरं व्हावं लागे. देवाच्या वारी सगळे सारखे, असं एव्हिसचं त्यावर म्हणणं.

आणि मधोमध नेच्याचं झाड. ग्लेन तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, छपरं शाकारायच्या कामावर नुकताच लागलेला. जुन्या गिरणीमालकाचं काचघर पाडायला त्यांची टोळी गेली, तर आत माणसाच्या उंचीचं, काळ्या केसाळ खोडाचं नेच्याचं झाड. मुकादम म्हणाला, घाला हातोडा. ग्लेनने ते पाठीवर बांधून पावसात सगळा चढ चढवून आईच्या दारात आणलं. खांदे सोलून निघाले होते. दर हिवाळ्यात त्याचे झुबके आत वळवून गाभ्यात पेंढा भरायचं काम तो दुसऱ्या कुणाला करू देत नसे. आधी गाभ्यात वाकून हलकी फुंकर घालायचा, ओल राहिली आहे का बघायला, जशी बाळाच्या डोळ्यात काही गेलं की आई घालते तशी.

त्याच्याशी लग्न करू का, म्हणून लोरेनने विचारलं तेव्हा एव्हिसने तिला ती फुंकरच दाखवली होती. असा हात कुणावर उठायचा नाही, म्हणाली. बागेवर जीव टाकणारी माणसं अशी चूक करतात. रेमंडही कबुतराच्या पिलाला तोंडातून भिजवलेले दाणे भरवायचा, हे तिला त्या वेळी आठवायला हवं होतं.

*

जानेवारीतल्या त्या रविवारी लोरेन मागच्या वाटेने आली तेव्हा खोऱ्यात ऊन उतरलं नव्हतं. अंगणात दंवाची जाड साय, पाय ठेवला की कुरकुरायची. लोरेनच्या पायांत मोजे होते, बूट नव्हते. वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला, आणि एक कान तिने तळहाताने असा दाबून धरला होता, जणू हात काढला तर तो खाली पडेल.

"तो उठलाय," ती म्हणाली. "हातोडी शोधतोय."

एव्हिसने आधी पोलिसांना फोन लावला. पलीकडच्या माणसाने विचारलं, घरातलंच भांडण का? रस्ते निसरडे आहेत, पण पाठवतो कुणालातरी. वॉल्टर चॅपलमध्ये गेलेला, त्याच्या घराला कुलूप. आणि आपल्या घरात लपवून उपयोग नव्हता, हे एव्हिसला पाठ होतं. गेल्या ईस्टरला लोरेन अशीच आली होती, तेव्हा ग्लेनने पुढचं दार बिजागऱ्यांतून काढून कपाट, पलंगाखाली, कोळशाचं तळघर, सगळीकडे बघितलं होतं, आणि शेवटी तिला केसांना धरून जिन्यावरून नेलं होतं. एव्हिस मध्ये पडली तर तिला त्याने फक्त बाजूला ठेवलं, खुर्ची ठेवावी तसं. दुसऱ्या दिवशी येऊन दार बसवून गेला. पहिल्यापेक्षा चांगलं बसवलं.

मग तिला भिंतीजवळची केळ आठवली. आठवली म्हणजे, ती नाही हे आठवलं. नोव्हेंबरच्या वादळात तिच्यावरचं कौल घसरून फुटलं, पेंढ्यात पाणी गेलं, आणि एव्हिसला वास आला तोवर खोडं लगदा झाली होती. हाताने उपसून काढली तिने. पिंजरा, पेंढा, टोपडं तसंच ठेवलं, कारण ग्लेनला सांगायची लाज वाटत होती. सुतळीला दोन वेढे दे, असं त्याने बजावलं होतं आणि तिने एकच दिला होता.

तिने रेमंडचा जुना लोकरी कोट लोरेनला घातला, पिंजऱ्याची तार उसवली, मधला पेंढा उपसला. लोरेन आत उकिडवी बसली. एव्हिसने तिच्या भोवती आणि डोक्यावर पेंढा भरला, तार पुन्हा पिळली, टोपडं बांधलं. या वेळी दोन वेढे दिले. आतून लोरेन हळूच म्हणाली, "थेट कबरीत बसल्यासारखं वाटतंय." कबरीत इतकी ऊब नसते, गप्प बस, असं एव्हिसने तिला सांगितलं. उमटलेली पावलं तिने झाडूने पुसली, आणि घरात येऊन चहाचं आधण ठेवलं, कारण रविवारी या वेळी ती चहाच ठेवते.

ग्लेन पुढच्या दाराने आला. दार वाजवून आला, हे जास्त वाईट होतं. टेबलाशी बसला, कप दोन्ही हातांनी धरला. बोटांची पेरं सोललेली, त्यांत एक लांब पिंगट केस अडकलेला. त्याने तो काढून बशीच्या कडेला नीट ठेवला.

"कुठे आहे?"

बसस्टॉपकडे गेली असेल, एव्हिस म्हणाली. रविवारी सकाळी बस नसते, तो म्हणाला. मग चालत गेली असेल, ती म्हणाली. त्याने मान डोलावली, चहा संपवला, आणि कप भिंतीवर फोडला.

मग घराची पाळी आली. कपाट त्याने उघडलं नाही, पाडलं. पलंग उलटा केला, त्याचा पाय मोडून त्याच पायाने न्हाणीघराचं दार फोडलं. माळ्यावर जाण्याच्या झडपेतून त्याने डोकं घातलं, आणि वरून जे हाताला लागलं ते खाली आलं. ख्रिसमसची झालर, रेमंडचे कबुतरांचे करंडक, एव्हिसच्या आईचं शिवणयंत्र. शिवणयंत्राने जिन्याची पायरी तोडली. एव्हिस स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून उभी होती आणि मनात म्हणत होती, फोड, सगळं फोड, घरात फोडायला खूप आहे, सावकाश फोड. आणि कान रस्त्यावर, गाडीच्या आवाजाकडे. गाडी काही येत नव्हती.

तो खाली आला तेव्हा दम लागला होता. मागच्या खिडकीतून त्याने अंगणाकडे बघितलं, आणि क्षणभर त्याचा चेहरा तिच्या ओळखीचा झाला. पाहुणे छान बांधलेस यंदा, असं म्हणाला. आणि मागचं दार उघडून बाहेर पडला. अवजारांच्या खोलीतून त्याने कोयता घेतला.

पहिली केळ त्याने टोपड्यापासून खाली चिरली. पेंढा पोटातून आतडी यावी तसा बाहेर आला. मग खुंटावर घाव घातला, एकदा, पुन्हा, पुन्हा, आडवे तिडवे, जसे कधीच घालायचे नसतात तसे. पाणी उडून त्याच्या तोंडावर आलं आणि भुवयांत गोठू लागलं. दुसरी. तिसरी. पिंजरे लाथेने आडवे करायचे, आत कुणी ओरडतं का ऐकायचं, मग मारायचं. सोनटक्क्यांवरचं पांघरूण त्याने पायांनी उधळलं आणि आतले गड्डे टाचेखाली चिरडले, हे तर नुसतं वाटेत आले म्हणून. एव्हिस मागून चालत होती आणि बोलत होती. काय बोलत होती ते तिला नंतर कधी आठवलं नाही. बहुतेक त्याचं नाव.

नेच्याच्या झाडाला त्याने हात लावला नाही. वळसा घालून वर गेला.

भिंतीजवळच्या पिंजऱ्यासमोर तो थांबला. उरलेली सगळी टोपडी मिठासारखी पांढरी होती. हे एकच काळपट, ओलं. एव्हिसने ते काढून पुन्हा बांधलं तेव्हा त्यावरचं दंव झडलं होतं, आणि आता आतल्या श्वासाने कापड घामेजलेलं. कडेने वाफेची एक बारीक रेघ वर जात होती. एव्हिसला ती दिसली.

"भिंत ऊन असते ना," ती म्हणाली. "तिथे कधी धरतच नाही दंव. तुला ठाऊक आहे."

ते त्याला ठाऊक होतं. त्याने मान डोलावली. कोयता खाली आला. तो वळलासुद्धा. मग सवयीने, जाता येता माणूस कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवतो तसा, त्याने भिंतीवर तळवा ठेवला. आणि तो तिथेच राहिला.

"आई," तो म्हणाला, "आज रविवार आहे."

एव्हिसजवळ त्या वेळी विचार करायला सवड नव्हती. हाताशी फावडं होतं, कर्दळीच्या वाफ्यात रोवलेलं. ते उपटून ती खाली धावली आणि नेच्याच्या झाडाच्या डोक्यावर दोन्ही हातांनी घातलं. कापड फाटलं. दुसऱ्या घावाला पेंढा उडाला. तिसरा थेट गाभ्यात बसला, जिथे पुढल्या वर्षीचे कोवळे पिळे मुठी वळून बसलेले असतात, आणि ओलं लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला.

ग्लेन ओरडला. तसा तो लहानपणी ओरडायचा, बाप आईला मारायचा तेव्हा. कोयता टाकून तो धावत आला आणि त्याने फावडं तिच्या हातांतून हिसकलं. "हे नाही," तो म्हणत होता, "हे नाही, हे मी आणलं होतं, हे नाही." आणि म्हणता म्हणता तिला मारत होता. पहिला ठोसा कानशिलावर. दुसऱ्याने ती दगडी पायऱ्यांवर आपटली, आणि अंगाखाली आलेल्या उजव्या मनगटाचा आवाज तिने स्पष्ट ऐकला. मग बूट. छपरं शाकारणाऱ्यांचे बूट पुढून लोखंडी असतात. फासळ्यांत पहिला बसला तेव्हा तिचा श्वास गेला, दुसरा बसला तेव्हा तिला वाटलं, रेमंडपेक्षा याची लाथ जोरकस आहे. आणि बरगड्या मोडत असताना आपण तुलना करतोय याचं तिला आश्चर्यही वाटलं.

वर तार करकरली. पिंजरा हलला, एका अंगाला कलला, आणि त्यातून लोरेन उभी राहिली. केसांत पेंढा, अंगात मेलेल्या सासऱ्याचा कोट, ओठ काळा पडलेला. थंडीने तिचे पाय इतके बधिरले होते, की ती पळूच शकली नसती.

"इकडे ये," ती म्हणाली. "तिला सोड. माझ्यासाठी आलायस ना? मी इथे आहे."

ग्लेनने मान वर केली. मग तो पायऱ्या चढू लागला, न धावता. फावडं त्याने दोन्ही हातांत आडवं घेतलं, पातं पुढे करून. कोयता त्याने टाकला होता तिथेच पडला होता, वाटेच्या कडेला. एव्हिसच्या डाव्या हाताच्या वर, तीन पायऱ्यांवर. ती रांगली. मोडलेला हात मागे ओढत रांगली. मुलाची पाठ तिला दिसत होती, रुंद, वाकलेली, जशी पावसात ते झाड घेऊन चढली होती तशीच. फावडं डोक्यावर गेलं. लोरेनने डोळे मिटले, पण ती हलली नाही.

एव्हिसने डाव्या हाताने कोयता उचलला आणि मारला. एकच, आणि तिरका. टाचेच्या वर, जिथे बुटाचं चामडं संपतं तिथे.

तो कापल्या केळीसारखाच गेला. आधी क्षणभर उभा, जणू काही झालंच नाही. मग त्या बाजूला बसत बसत खाली. फावडं भिंतीवर आदळून ठिणगी उडाली. दंवावर रक्त वाफाळत पसरलं. ग्लेनने आपल्या पायाकडे बघितलं, मग आईकडे, आणि तिच्या हातातल्या कोयत्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नुसतं नवल होतं.

लोरेन त्याच्याजवळ गेली नाही. तिने टोपड्याची सुतळी सोडवून एव्हिसकडे फेकली, आणि एव्हिसनेच, एका हाताने आणि दातांनी, मुलाच्या पोटरीला वेढे घातले. दोन घातले. तो थरथरत होता, म्हणून त्याच्याभोवती पेंढा ओढला. पोलीस आले तेव्हा त्यांना अंगणात चहूकडे फाडलेले पुतळे दिसले आणि मध्ये पेंढ्यात निजवलेला एक माणूस. तरणा शिपाई कोण कुणाला मारतंय हे टिपून घ्यायला उभा राहिला, आणि बराच वेळ त्याला काही लिहिता आलं नाही.

*

रुग्णवाहिकेत ग्लेनने सांगितलं, की दंवावर पाय घसरला आणि कोयत्यावर पडलो. न्यायालयातही त्याचा वकील तेच सांगत होता. एव्हिसला वाटलं, हा मला वाचवतोय. मग वाटलं, घसरून पडणं ही या घरची जुनीच गोष्ट. तिनेही दवाखान्यात ती कितीदा सांगितली होती. उभं राहून तिने सांगितलं, की तो घसरला नाही, मी मारला, शुद्धीत मारला. आणि माझ्या फासळ्या, हिचा कान, हे सगळं त्याने केलं, तेही शुद्धीतच. ग्लेनने तेव्हा पहिल्यांदा खाली बघितलं. त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. गल्लीतल्या दोन-तीन बायका त्यानंतर एव्हिसशी बोलायच्या थांबल्या. पोटच्या पोरावर कोयता चालवणारी, म्हणाल्या. वॉल्टर महिनोन् महिने माकडांबद्दल बोलला नाही.

एप्रिलच्या शेवटी केळी जमिनीतून उठल्या. ग्लेनने भुगा केलेल्या प्रत्येक खुंटाच्या कडेने कोंब आले, एकाच्या जागी तीन, चार, हिरव्या सुऱ्यांसारखे. केळीची मुळं खाली असतात, वरून कितीही मारा. नेच्याच्या झाडाचं तसं नसतं. त्याचा सगळा जीव डोक्यात. एव्हिस जूनपर्यंत रोज सकाळी त्याच्या गाभ्यात पाणी घालत राहिली, जुलैतही. ऑगस्टमध्ये बोट घालून बघितलं तर आत भुसा लागला. खोड तिने तोडलं नाही.

ऑक्टोबरात लोरेन आली. आता ती ब्रॅडफर्डला बहिणीकडे राहत होती, एका बेकरीत कामाला लागली होती. कान राहिला, ऐकू मात्र कमी येतं. एव्हिसचं मनगट वाकडं जुळलं होतं, म्हणून पेंढा भरायला मदत हवी होती. कोयत्याला लोरेन हात लावेना. तो भाग एव्हिसने केला, डाव्या हाताने, आणि दर वाराला लोरेन तोंड फिरवत होती. भिंतीजवळचा मोठा पिंजरा आला तेव्हा मात्र ती म्हणाली, "हा नाही." तिने तो आडवा केला आणि दोन्ही पायांनी त्याच्यावर उड्या मारल्या, जाळीची पार चपटी पाटी होईपर्यंत, तोंडाने काहीतरी अर्वाच्य बोलत. एव्हिस शांतपणे कोयता पुसत उभी राहिली. वॉल्टरचं डोकं भिंतीवर आलं.

"माकडं आली म्हणायची," तो म्हणाला, आणि लगेच त्याला वाटलं आपण चुकलो. पण लोरेन धापा टाकत त्याच्याकडे बघून हसली. त्या ओठाला हसताना जरा दुखतं.

पहिलं कडक दंव पडलं त्या संध्याकाळी फोन वाजला. तुरुंगातून फोन आहे, घेणार का, असं आधी एका बाईने विचारलं. इतके महिने तसा फोन आला नव्हता, आणि एव्हिस इतके महिने तो घ्यायचा की नाही ते ठरवत होती. आणि आता बघते तर तिच्या तोंडून हो निघून गेलं होतं.

मग ग्लेनने विचारलं, दंव पडलं का तिकडे. पडलं, ती म्हणाली. बांधून झालं का सगळं? झालं. मग त्याने विचारलं, "नेच्याला फुटवा आला?"

येईल, वेळ लागतो, असं म्हणता आलं असतं. शब्द तोंडात आलेही होते.

"मेलं," ती म्हणाली. "मीच मारलं. तुला ठाऊक आहे."

पलीकडे लोखंडी दार लागल्याचा आवाज आला, कुणीतरी दुसरंच हसलं. त्याचा श्वास ऐकू येत होता. लोरेनबद्दल त्याने विचारलं असतं तर एव्हिस फोन ठेवणार होती, हे तिने मघाच ठरवलं होतं. त्याने विचारलं नाही.

"पाय कसा आहे?" तिने विचारलं.

"चालतो. ओढत." मग हळूच, "थंडीत ठणकतो गं."

एव्हिसने खिडकीतून बाहेर बघितलं. अंगणात पांढऱ्या टोपड्यांची माणसं उभी होती, आणि मधोमध एक बिनटोपड्याचं.

"कोरडं काहीतरी गुंडाळत जा," ती म्हणाली. "आणि दोन वेढे दे."